‘गाडी चालू होत नाही’ असे म्हणू नये

वयाने माझ्याहून तीन वर्षांनी आणि इंजिनाच्या बाबतीत तीन जन्मांनी मोठे असलेले आमचे मेव्हणे, अर्थात दादा, यांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, पण मनातून पूर्ण आडवा झालो होतो.)

पत्रास कारण आहे, ते सावकाश सांगेन. आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी. गुडघा कसा आहे? (उजवा. डावा असल्यास माफ करा. तुम्हाला लिहायचं म्हणजे हल्ली मी डावं-उजवंसुद्धा दोनदा तपासतो.) उत्तरात ‘दुखतो’ एवढंच लिहू नका. जिना चढताना दुखतो की उतरताना, कळ येते की नुसता आखडतो, सकाळी जास्त की संध्याकाळी, हे सगळं लिहा, म्हणजे मी दुकानातून नेमकं मलम काढून ठेवतो. तुम्हाला ठाऊकच आहे, पस्तीस वर्षं मी औषधांच्या काउंटरमागे उभा आहे आणि ‘ती पांढरी गोळी द्या’ म्हणणाऱ्या माणसाला मी आधी उपदेश देतो, मग जमलं तर गोळी. दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आहेत. वहिनींना नमस्कार सांगा आणि त्यांचा खोकला कोरडा आहे की कफाचा, तेही कळवा. इकडे माझी तब्येत उत्तम आहे, तुमच्या बहिणीची माझ्याहून उत्तम आहे, आणि गाडीची... पण थांबा, इथेच घाई करून मागच्या वेळी मी माती खाल्ली होती.

मागच्या वेळचं मी उकरून काढणार नव्हतो. पण तुम्ही ते गॅरेजच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घेतलंत असं तिकडून येणारा प्रत्येक जण सांगतो, तेव्हा लपवण्यात काही अर्थ उरलेला नाही. ‘गाडी चालू होत नाही असे म्हणू नये. काय होते ते सांगावे.’ पाटी छान आहे. तिच्याखाली दोरीने बांधलेली एक वही आहे, त्या वहीत गिऱ्हाइकाने लक्षण स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय तुम्ही बॉनेटला बोट लावत नाही, आणि कुणी कुरकुर केलीच तर त्याला आमची गोष्ट सांगता, हेही कळलं. गोष्टीत तुम्ही माझं नाव घेत नाही, ‘एक सुशिक्षित गृहस्थ’ म्हणता. सुशिक्षित म्हटल्याबद्दल आभारी आहे.

गोष्ट खरी आहे, मला मान्य आहे. दोन वर्षांपूर्वी मी फोनवर ‘गाडी चालू होत नाही’ एवढे चारच शब्द बोललो, आणि त्या चार शब्दांच्या भरवशावर तुम्ही चार तास बसने आलात. मांडीवर बॅटरी आणि पायाशी पिशवीत सेल्फ. (सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देणारी ती मोटार. तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. मलाही आता ठाऊक आहे, हे तुम्हाला ठाऊक व्हावं म्हणून लिहिलं.) बसमधून उतरलात ते तडक गाडीपाशी. हातसुद्धा न धुता बॉनेट उघडलंत आणि अर्धा तास कमरेपर्यंत आत होतात. मग सरळ उभे राहिलात, गाडीच्या मागे गेलात, पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आत डोकावलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, काटा तर अर्ध्यावर आहे. तुम्ही घरात येऊन अर्धा कप चहा प्यायलात, बॅटरी खांद्यावर घेतलीत आणि परतीच्या बसला जाऊन उभे राहिलात. जाताना एवढंच म्हणालात की नेमकं लक्षण हातात पडल्याशिवाय या घराची पायरी चढणार नाही. त्यानंतर खरोखरच चढला नाहीत. फोन येतो तो बहिणीला येतो, आणि चुकून मी उचलला तर ‘तिला द्या’ असा येतो. म्हणून हे पत्र. यात लक्षण आहे, ते नेमकं आहे, आणि एकवीस तारखेच्या आत तुम्ही यावं अशी विनंती आहे. एकवीस तारखेला काय आहे ते आता सांगतो.

तुमची बहीण गाडी शिकते आहे. (बसा. पाणी प्या. मग पुढे वाचा.) ‘दादाला हे मी सांगेन, तुम्ही नाही’ असं तिने बजावलं होतं, पण तिने अजून सांगितलेलं दिसत नाही, तेव्हा मीच सांगतो. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. मला कळलं ते परत आल्यावर. शिकवणाऱ्या बाई अशा आहेत की त्यांनी ‘ब्रेक’ म्हटलं की शेजारून जाणारे सायकलवालेसुद्धा पाय टेकतात. एकवीस तारखेला सकाळी दहाला परीक्षा आहे, आणि ती हिला स्कूलच्या गाडीत द्यायची नाही, तुमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, म्हणजे आमच्याकडे असलेल्या याच गाडीत द्यायची आहे. का, ते मी तुम्हाला सांगायला नको. ज्या माणसाने मुलीला आठव्या वर्षी बारा नंबरचा पाना आणि तेरा नंबरचा पाना डोळे मिटून ओळखायला शिकवलं, त्याने तिच्या हातात चाक मात्र कधी दिलं नाही; ते तुमच्या हातात दिलं. ती याबद्दल अवाक्षर काढत नाही. फक्त गाडी पुसताना स्टिअरिंग जरा जास्त वेळ पुसते.

तर गेल्या मंगळवारी सकाळी ती सरावाला खाली गेली, किल्ली फिरवली आणि पाच मिनिटांत वर आली. म्हणाली, ‘अहो, गाडी चालू होत नाहीये. दादाला कळवा.’ (तुमच्या वडिलांची मुलगी इतकं मोघम कसं बोलली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं.) मी फोन लावला. तुम्ही उचललात. मी ‘गाडी चा’ इथपर्यंत पोचलो आणि तुम्ही ठेवलात. पुन्हा लावला, तेव्हा ‘गा’ वरच ठेवलात. तिसऱ्यांदा मी शहाणपणा करून आधी नमस्कार म्हणालो, तर तुम्ही ‘लेखी कळवा’ म्हणालात आणि मग ठेवलात. तेवढी प्रगती मी तुमच्या बहिणीला लगेच सांगितली. तिला बरं वाटलेलं दिसलं.

लेखी कळवायचं तर आधी कळायला हवं, म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. तिथे माझा एक स्वभावदोष उघडा पडला, तो कबूल करून टाकतो. समोरचा माणूस कामाच्या कपड्यात असला आणि आत्मविश्वासाने बोलू लागला की मी त्याच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणतो. त्याने विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, चालू होत नाही. तो म्हणाला, म्हणजे घरघर करते पण पेट घेत नाही, हो ना? मला घरघर ऐकल्याचं काही आठवत नव्हतं, पण त्याने इतक्या आपुलकीने विचारलं की नाही म्हणणं जिवावर आलं. हो म्हणालो. त्याने प्लग काढून घासले, कार्ब्युरेटर उघडून धुतला, हवेचा फिल्टर बदलला. किल्ली घरात नव्हती (किल्ली हिच्या पर्समध्ये, पर्स हिच्या खांद्यावर आणि ही स्कूलच्या गाडीत), तेव्हा चालू करून न बघताच ‘आता नुसतं बोट लावा’ असं सांगून तो गेला. संध्याकाळी बोट लावलं, मग किल्ली लावली. काही नाही. बुधवारी बॅटरीवाले आले. ते म्हणाले, टकटक आवाज येतो आणि दिवे मंद होतात, असंच ना? अगदी असंच, मी म्हणालो. नवी बॅटरी बसली. दिवे असे लागले की समोरच्या बिऱ्हाडाने पडदे ओढून घेतले. इंजिन मात्र ढिम्म. गुरुवारी वरच्या मजल्यावरचे गायनमास्तर आपणहून खाली आले. म्हणाले, मला नुसता आवाज ऐकवा, दोष सांगतो. हिने किल्ली फिरवली. मास्तरांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले, आणि शेवटी जरा रागानेच म्हणाले, अहो, आवाजच नाही तर ऐकू काय? (दादा, तीन दिवसांत बोललं गेलेलं पहिलं नेमकं वाक्य ते होतं. मी ते कानाआड केलं.)

शुक्रवारी धक्का मारायचं ठरलं. आमची गल्ली तुम्हाला आठवत असेल, फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत उतार, मग डावीकडे वळून मागच्या रस्त्याने पुन्हा फाटकाशी. चाकावर ही, शेजारी कुणी नाही (ड्रायव्हिंगच्या बाईंनी मला बसायला बंदी केली आहे, मी नसलेला ब्रेक दाबतो आणि ओरडतो म्हणे), मागे मी, मास्तर, लाँड्रीवाला आणि स्वतः बाई. बाईंनी ‘सोडा’ म्हटलं, हिने क्लच सोडला, गाडीने एक उचकी दिली आणि इंजिन चालू! आम्ही चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. (बाईंनी नाही मारली, पण हात मिळवला.) या गडबडीत गाडी निघून गेली. मी घाबरलो. दीड मिनिटाने ती मागच्या रस्त्याने फाटकाशी उगवली, ताठ बसलेली, दोन्ही हात चाकावर, आणि आमच्यासमोरून हॉर्न वाजवत पुढे निघून गेली. दुसऱ्या फेरीला तिने काच खाली करून सांगितलं, थांबवली तर पुन्हा चालू व्हायची नाही! ते आम्हाला तंतोतंत पटलं. तिसऱ्या फेरीला तिने गॅसवर दूध ठेवल्याचं सांगितलं. मी वर पळालो. चौथ्या फेरीला मी शेजारून धावत धावत तिला चष्मा दिला. पाचव्या फेरीला तिने तो परत दिला, तो माझा होता. सहाव्या फेरीला गल्लीतले लोक गॅलरीत खुर्च्या आणून बसले होते आणि ही प्रत्येकाला मान लवून उत्तर देत होती. मी तिला पस्तीस वर्षं ओळखतो, पण तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. गालावर काळा डाग होता आणि ती हसत होती. सातव्या फेरीला बाई कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गाडी थांबवणं वेगळं आणि इंजिन बंद करणं वेगळं! न्यूट्रल करा आणि उभी करा की! आम्ही तिघे पुरुष एकमेकांकडे बघत राहिलो. ही मात्र फारशी दचकलेली दिसली नाही. तिने गाडी उभी केली. मग बाईंनी बजावलं की परीक्षेत चढावर इंजिन बंद करायला लावतात आणि किल्लीनेच चालू करायला सांगतात, धक्का मारायला तिथे गल्ली नसते. म्हणजे आमचे पाय पुन्हा जमिनीवर.

शनिवारी मी दुकानात होतो. एक आजी आल्या आणि म्हणाल्या, पोटात कसंतरी होतंय, काहीतरी द्या. मी चष्मा कपाळावर सरकवून नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. कसंतरी म्हणजे काय? कळ येते का? हो, म्हणाल्या. जळजळ होते? हो. मळमळतं? हो हो. जेवणाआधी की नंतर? हो. मी म्हणालो, आजी, सगळ्यालाच हो कसं म्हणता? त्या म्हणाल्या, तुम्ही इतकं विचारून विचारून विचारता, नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल. दादा, मी काउंटरला धरून उभा राहिलो. समोर आजी नव्हत्या, मीच उभा होतो, आणि मागे तुमची पाटी दिसत होती. (आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गप्प बसून त्यांचं त्यांना सांगू दिलं. दहा मिनिटांनी कळलं की नातवंडांबरोबर झोपाळ्यावर बसल्या होत्या, तेव्हापासून गरगरतंय. पोटाचा काही संबंधच नव्हता.)

रविवारी सकाळी मी वही, पेन्सिल आणि गायनमास्तर असे तिघे घेऊन खाली उतरलो. ही चाकावर, मास्तर बॉनेटला कान लावून, मी समोर दिव्यांकडे बघत. मनाशी ठरवलं होतं की जे होतं तेच लिहायचं, कुणालाही बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नाही. हिने सहा वेळा किल्ली फिरवली, एकदाही न कंटाळता, गाणं गुणगुणत. (एरवी मी दोनदा रिमोट मागितला तरी तिचा आवाज चढतो.) मी एकदा म्हणालो की खाली सेल्फच्या बाजूला हात घालून बघू का, तर ती घाईने म्हणाली, ‘अहो, नको, तिथे तापलेलं असतं, हात भाजेल!’ गाडी शुक्रवारपासून बंद होती. पण काळजी ती काळजी.

आता लक्षण लिहितो. इथून पुढे उभं राहून वाचलंत तरी चालेल. किल्ली पहिल्या टप्प्यावर नेली की समोरचे सगळे दिवे लागतात. हॉर्न खणखणीत वाजतो. किल्ली शेवटपर्यंत फिरवली की इंजिन फिरत नाही. ‘पेट घेत नाही’ असं मी म्हणत नाही, दादा, नीट वाचा. पेट घेण्याचा प्रश्न पुढचा, मुळात फिरतच नाही. घरघर नाही. टकटक नाही. एक साधं टक्‌ सुद्धा नाही; मास्तरांच्या शब्दांत ‘निखळ शांतता’. किल्ली फिरवताना पुढचे दिवे तसूभरही मंद होत नाहीत, म्हणजे बॅटरीतून सेल्फकडे काही जातच नसावं (हा माझा अंदाज आहे, लक्षण नव्हे, वेगळा लिहिला आहे). धक्का मारला की पहिल्या हिसक्याला पेट घेते, चालू राहते, सात फेऱ्या न कुरकुरता मारते आणि किल्ली बंद केल्यावर निमूट बंद होते. दर वेळी असंच होतं. आधी कधी झालं नव्हतं, सोमवारी संध्याकाळपर्यंत किल्लीने व्यवस्थित चालू होत होती. बॅटरी नवी आहे. प्लग विनाकारण स्वच्छ आहेत.

हे लिहून मी पुन्हा वाचलं आणि खरं सांगतो, मला माझा अभिमान वाटला. इतके दिवस मी एकाच वाक्यात चार वेगवेगळे आजार कोंबत होतो. तुम्ही वहीला दोरी का बांधली आहे ते मला आता कळलं आणि तुमची पाटी मी माझ्या दुकानातही लावणार आहे, फक्त गाडीच्या जागी ‘बरं वाटत नाही’ लिहून. तेव्हा लक्षण पोचलं, अट पुरी झाली. वीस तारखेची सकाळची बस अकरा वीसला आमच्या कोपऱ्यावर येते. बॅटरी आणू नका, गुडघा आणा.

वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि तुमच्या रागालाही एक वेगळा नमस्कार. इति,
आपला सुशिक्षित गृहस्थ

ता. क. : पत्र मी स्वतः डकवून तुमच्या बहिणीकडे पोस्टात टाकायला देतो आहे. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, त्यामुळे खाली जरा मोकळेपणाने लिहितो.

दुसरा ता. क. : दादा, वर सगळं नेमकं लिहिलं, पण एक गोष्ट दोन वर्षं मोघम ठेवली आहे. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकून बसलेला आहे हे मला तेव्हा माहीत होतं. तुम्ही येण्याच्या आधी सहा महिन्यांपासून माहीत होतं. टाकी रिकामी असेल अशी शंका तुमची बस निघाल्यावर मला आली होती, पण तोवर तुम्ही बॅटरी घेऊन निघालेले, आणि तुम्ही आलात तेव्हा तुमच्यासमोर ते बोलायला जीभ रेटेना. म्हणून ‘काटा अर्ध्यावर आहे’ म्हणालो. वाक्य खरं होतं, मी खोटा होतो. माझं चुकलं. हे फोनवर सांगायला तुम्ही वेळ दिला नाहीत आणि मी मागितला नाही.

आणि येण्याचं खरं कारण गाडी नाही. तुमच्या बहिणीला तुमची आठवण येते असं लिहिणार होतो, पण ते म्हणजे पुन्हा ‘चालू होत नाही’ म्हणण्यासारखंच. तेव्हा लक्षण लिहितो. अकरा वीसची बस कोपऱ्यावर हॉर्न देते तेव्हा ती हातातलं काम ठेवून गॅलरीत जाते आणि बस गेल्यावर कपडे वाळले का ते बघितल्यासारखं करून आत येते. कपडे नसले तरी. ज्या कपात तुम्ही अर्धा चहा टाकून गेलात तो कप पाहुण्यांना दिला जात नाही. मी एकदा घेतला तर माझ्या हातातून काढून घेतला. तुमचा फोन ठेवल्यावर ती दोन मिनिटं फोनशीच उभी राहते. दर वेळी असंच होतं. दोन वर्षांपूर्वी असं होत नव्हतं. हे तिला सांगू नका.

तिसरा ता. क. (वेगळ्या अक्षरात, पाकिटाच्या आतल्या बाजूला) : दादा, ह्यांना आयुष्यात गोंद कधी पुरेसा लावता आला नाही, पाकीट जिन्यातच उघडलं. वाचलं. काट्याचं मला तेव्हाच माहीत होतं आणि तुलाही माहीत होतं, उगाच शहाणपणा करू नकोस.

सेल्फला जाणारी बारीक वायर मी सोमवारी संध्याकाळी काढून ठेवली आहे. टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आहे, अप्पांनी शिकवलं होतं तशी. दुसरं काही केलं असतं तर धक्क्यावर चालू झाली नसती आणि माझ्या सात फेऱ्या हुकल्या असत्या. ह्यांना यातलं काही माहीत नाही आणि कळता कामा नये, बिचाऱ्यांनी इतकं नेमकं लिहिलंय. तेव्हा आलास की लगेच वायर लावू नकोस. निदान अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून बस, आणि बाहेर आलास की ह्यांना म्हण, लक्षण बरोबर लिहिलं होतं. आणि तो कप पूर्ण संपव.

वायर मी एका मिनिटात लावू शकते. ते काम तुझं नाही. मी सोळा वर्षांची होते तेव्हा गॅरेजच्या मागे तू मला म्हणाला होतास, तू चालवशील त्या दिवशी मी शेजारी बसेन. एकवीस तारखेला, सकाळी दहा वाजता.

पेट्रोल भरलेलं आहे. काट्यावर बघून सांगत नाही, झाकण काढून बघितलंय.